गर्भमार्गाच्या निष्क्रियतेचे थोतांड

पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली वाटणी आपण केव्हाच मोडीत काढली अशी ज्यांची प्रामाणिक समजूत असेल, त्यांनी एकवार शाळेतल्या जीवशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावे, अथवा प्राणिजीवनावरचा एखादा लोकप्रिय माहितीपट कान उघडे ठेवून पाहावा. शब्द बदललेले आढळतील, वाटणी तीच. शुक्राणू कूच करतात, झुंजतात, संकटे ओलांडतात, लक्षावधी धारातीर्थी पडतात आणि अखेर एक वीर विजयी होतो. आणि ज्या देहात हे सारे घडते तो देह म्हणजे निव्वळ रणांगण, फार तर एक लांबलचक, ओलसर, अंधारी वाट. गर्भाशय ही पिशवी, ग्रीवा हे तिचे तोंड, अंडवाहिनी ही नळी, आणि बिचारे अंड त्या नळीत हात जोडून वाट पाहत बसलेले. मादीच्या देहाने करायचे ते एवढेच, की आलेला ऐवज ठेवून घ्यायचा आणि मुदत भरली की परत करायचा.

ही समजूत केवळ अडाण्यांची असती तर तिच्यासाठी एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण ती गोठ्यात आहे तशीच दवाखान्यात आहे, कीर्तनात आहे तशीच क्रमिक पुस्तकात आहे, आणि जिथे म्हणून ती आहे तिथे तिचा भुर्दंड मादीलाच भरावा लागतो. म्हणून तिची झडती शरीररचनेच्या दप्तरातूनच घेतलेली बरी. पहिला प्रश्न अगदी साधा आहे. सस्तन मादीचे गर्भाशय चिरून पाहिले तर भिंतीचा सर्वांत जाड थर कशाचा आढळतो? स्नायूंचा. गाय, कुत्री, डुकरीण यांच्या दुशिंगी गर्भाशयात आतले तंतू वळशांचे, बाहेरचे उभे, आणि दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. सशिणीची तर दोन गर्भाशये स्वतंत्र, दोन ग्रीवांनिशी योनीत उघडणारी. आणि स्त्रीच्या एकसंध गर्भाशयात हेच तंतू परस्परांत असे विणलेले, की थर वेगळे काढू जाणाऱ्याची सुरी थकावी. अंडवाहिनीला स्नायू, योनीला स्नायू, आणि द्वाराशी तर इच्छेच्या ताब्यातले, हातापायांच्या जातीचे स्नायू. नुसती वाट असती तर हा सरंजाम कशासाठी? रस्त्याला दंडाच्या बेटकुळ्या असल्याचे कोणी ऐकले आहे काय?

आता त्या सुप्रसिद्ध शर्यतीकडे वळू. गायीच्या ग्रीवेपासून अंडवाहिनीच्या टोकापर्यंतचे अंतर, वळणे सरळ करून मोजले तर, साधारण दीड हात भरते. वळूचा शुक्राणू कुठेही न भरकटता, एका रेषेत, न थकता पोहला तरी मिनिटाला काही मिलिमीटर. त्रैराशिक मांडणाऱ्या कोणत्याही मुलाला यातून तास-दीड तासाचे उत्तर मिळेल. १९५१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात व्हॅनडेमार्क आणि मोलर या दोघांनी माजावरच्या गायी भरवून, शुक्राणू कुठवर पोचले याचा प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा ते अंडवाहिनीच्या वरच्या टोकाशी अडीच मिनिटांत हजर असल्याचे आढळले. अडीच मिनिटांत! आणि वीरकथेच्या रचनाकारांनी ज्यापुढे लेखणी खाली ठेवायला हवी होती ती गोष्ट पुढेच आहे: मुद्दाम मारलेले शुक्राणू आत सोडले तर तेही काही मिनिटांतच वर पोचले. मेलेला वीर शर्यत कशी धावला, याचा खुलासा आजवर कोणत्याही माहितीपटाने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याला कोणीतरी वाहून नेले, आणि वाहून नेणारे स्नायू गायीचे होते, हे कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्याच वर्षी व्हॅनडेमार्क आणि हेज यांनी समागमाच्या वेळी गायीच्या गर्भाशयाची आकुंचने कशी जोर धरतात हे नोंदवून दाखवले, आणि प्रकरण तिथेच निकाली निघायला हवे होते.

निघाले नाही, कारण एक चतुर हरकत उभी राहिली. १९७८ साली ओव्हरस्ट्रीट आणि कूपर यांना सशिणीत असे दिसले, की पहिल्या काही मिनिटांत वर पोचणारे बहुतेक शुक्राणू मोडलेले, निकामी असतात. खरे फलन करतात ते मागाहून, सावकाश येणारे. तेव्हा प्रतिपक्षाने हर्षभराने जाहीर केले, की पाहा, ती आकुंचने फुकट, आणि अखेर कर्तबगारी पोहणाऱ्याचीच! ही हरकत मी आनंदाने दाखल करून घेतो, कारण तिने आणलेला साक्षीदार माझ्या बाजूचा आहे. मागाहून येणारे हे शुक्राणू मधला काळ कुठे असतात? अंडवाहिनीच्या चिंचोळ्या, खालच्या भागात. तिथल्या भिंतीचे वळशांचे स्नायू जाड आहेत. आणि त्या स्नायूंत अनुकंपी मज्जातंतूंची इतकी गर्दी आहे की १९६०च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दाखवले तेव्हा बाकीची नळी त्यांपुढे ओसाड वाटावी. तिथे शुक्राणू तासन्‌तास थोपवून धरले जातात आणि अंड सुटण्याच्या सुमारास थोडेथोडे पुढे जाऊ दिले जातात. ग्रीवेच्या चिकट द्रवातून वाट काढताना आणि अंडाच्या कवचाशी गाठ पडल्यावर शुक्राणूची शेपटी उपयोगी पडते. तेवढे श्रेय त्याला द्यायला माझी ना नाही. पण ज्याला वेस ओलांडायला परवानगी लागते त्याला दिग्विजयी म्हणण्याची रीत कोणत्या बखरीतली आहे?

आणि हे गायीगुरांपुरतेच आहे, अशी पळवाटही उरलेली नाही. १९९६ साली जर्मनीत कुंट्झ, लायेनडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राणूएवढे अल्ब्युमिनचे गोळक, किरणोत्सर्गी खूण करून, स्त्रियांच्या ग्रीवेच्या तोंडाशी ठेवले. अल्ब्युमिनच्या गोळकाला शेपटी नसते, आणि महत्त्वाकांक्षा तर नसतेच. तरीही ते काही मिनिटांत गर्भाशयात चढले, आणि अंड पिकण्याची वेळ जवळ आलेली असता ज्या बाजूच्या अंडाशयात ते पिकत होते, मुख्यत्वे त्याच बाजूच्या नळीत शिरले. अल्ट्रासाउंडवर पाहिले तर गर्भाशयाच्या आतल्या थराखाली लाटा चालताना दिसतात: अंड सुटण्याच्या सुमारास मिनिटाला तीनेक, ग्रीवेकडून वर जाणाऱ्या, पाळीच्या दिवसांत वरून खाली येणाऱ्या. ज्या स्त्रीच्या देहात हे चालते तिला त्याचा पत्ता नसतो. ती त्या वेळी भाकऱ्या थापत असेल किंवा कचेरीत जमाखर्च तपासत असेल. तिला कळत नाही म्हणून काम चालू नाही, असे अनुमान काढणाऱ्याने स्वतःच्या आतड्यांविषयी काय मत बनवले असेल कोण जाणे.

गोठ्यात ही समजूत काय करते ते पाहण्यासारखे आहे. गाय खोड्यात उभी आहे, कासरा आवळलेला, शेपूट एकाने बाजूला ओढून धरलेले. सकाळी काचेसारखा सोट लोंबला तेव्हा मालकाला माज कळला. रेतन करणाऱ्याने डावा हात कोपरापर्यंत गुदाशयात घातलेला असतो आणि आतड्याच्या तळातून त्याची बोटे ग्रीवा चाचपतात: ती बोटांना कडक, आतून तीन-चार कड्यांची लागते, आणि उजव्या हातातली नळी त्या एकेका कडीतून पुढे सरकवताना घाई केली तर नळी भलत्याच खळग्यात रुतते. त्याच बोटांखाली ग्रीवेपुढे गर्भाशयाची दोन शिंगे असतात. जनावर माजावर नसेल तेव्हा ती सैल, लुळी पडलेली असतात. माजावर असले की ती ताठरतात, वळसे घेतात, आणि हात लागताच आवळतात. ज्याने वर्षानुवर्षे हे काम केले आहे त्याला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने हा कृत्रिम रेतनाचा व्यवहार शेतकऱ्याच्या दारी नेला, तेव्हापासून मराठी मुलखात असे हजारो हात या आवळण्याचे साक्षीदार आहेत. आणि तरी एकवीस दिवसांनी गाय उलटली की ओट्यावरचा निवाडा ठरलेला. एक तर मात्रा खोटी, नाहीतर गाय खोटी. मात्रेत सुमारे २ कोटी शुक्राणू मोजून भरलेले असतात; त्यांची चौकशी होते. पण रेतनाच्या आधी तीच गाय दूरवर उन्हातून ओढत आणली होती, खोड्यात घालताना तिच्या पाठीवर काठ्या पडल्या होत्या, पोरांनी गिल्ला केला होता, ती डोळे फिरवून थरथरत होती, याची नोंद कुणाच्या वहीत होत नाही. हेज आणि व्हॅनडेमार्क यांनी १९५३ सालीच दाखवले होते, की ऑक्सिटोसिनने गायीच्या गर्भाशयाला येणारा जोर ॲड्रेनालीन मोडून काढते. भ्यालेल्या जनावराच्या रक्तात जे उतरते ते हेच ॲड्रेनालीन. पण गर्भाशय ही पिशवीच आहे असे एकदा ठरले, की पिशवीला भय वाटते कुठे?

या बाबतीत आमच्या पंडितांहून गवळी शहाणा, असे म्हणण्याची पाळी येते. आणि तो शहाणपणा त्याने अत्यंत अमानुष रीतीने वापरला, हेही तितकेच खरे. गाय किंवा म्हैस पान्हा चोरू लागली की योनीत नळीने हवा फुंकायची, की पान्हा सुटतो, अशी फुंक्याची रीत या देशात पिढ्यान्‌पिढ्या होती. ती इतकी रूढ होती की १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याला कलम १२ त्या एका गोष्टीसाठी खर्ची घालावे लागले. ही क्रूरता यशस्वी का होत असे, याचा विचार करा. योनीच्या भिंतीला ताण बसतो, तिथले संवेदक मज्जातंतू तो ताण मेरुरज्जूमार्गे मेंदूपर्यंत नेतात, मेंदूच्या तळाशी लोंबणारी पोष ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते, आणि ते कासेच्या पेशींना आवळते तसेच गर्भाशयालाही आवळते. १९४१ साली फर्ग्युसनने गर्भाशयग्रीवा ताणून हाच प्रतिक्षेप प्रयोगशाळेत सिद्ध केला आणि त्याला त्याचे नाव मिळाले. त्याच वर्षी मिनेसोटात इली आणि पीटरसन यांनी गायीच्या कासेच्या एका अंगाचे मज्जातंतू कापून टाकले, तरी पान्हा दोन्ही अंगांना सुटला, म्हणजे शेवटचा हुकूम तंतूने नव्हे, रक्ताने पोचतो हे ठरले. पुढे १९६१ साली बेल्जियममध्ये देबाकेर आणि पीटर्स यांनी दोन मेंढ्यांचे रक्त एकमेकींत फिरवून, एकीची योनी ताणली असता दुसरीचा पान्हा सुटतो हे दाखवले. जो मार्ग निष्क्रिय, त्याची खबर इतक्या दूरवर पोचते कशी? निष्क्रिय वस्तूला ताणल्याने शेजारच्या मेंढीच्या आचळांत दूध येते, हा कोणत्या शास्त्रातला नियम?

या स्नायूंवर अंमल कोणाचा, हा मूळ मामला यातून उभा राहतो, आणि तो गुंतागुंतीचा आहे हे खरे. कमरेच्या मेरुरज्जूतून निघून श्रोणीत उतरणारे अनुकंपी तंतू एकीकडून येतात, त्रिकास्थीच्या छिद्रांतून निघणारे परानुकंपी तंतू दुसरीकडून, आणि दोन्ही ग्रीवेच्या दोहों अंगांस एका जाळ्यात मिळतात. याच जाळ्यातल्या मज्जागुच्छाचे वर्णन फ्रांकेनहॉयझरने १८६७ साली प्रसिद्ध केले. अंडाशयाकडचे टोक आपले तंतू रक्तवाहिनीच्या सोबतीने वेगळेच मागवते. आणि द्वाराचे स्नायू तिसऱ्याच, इच्छाधीन मज्जातंतूच्या ताब्यात असतात. गर्भाशयाच्या मज्जातंतूंविषयी विद्वानांचा तोल कसा सुटतो याला इतिहासात दाखला आहे: लंडनमध्ये १८४०च्या सुमारास रॉबर्ट ली याने गरोदर गर्भाशयाभोवती प्रचंड मज्जागुच्छ आढळल्याचे लिहिले, थॉमस स्नो बेक याने ते नाकारले, आणि रॉयल सोसायटीने १८४५ साली बेकला राजपदक दिले तेव्हा असा गहजब झाला, की त्या सोसायटीच्या कारभाराचीच उलटतपासणी सुरू झाली. एका पिशवीसाठी एवढे!

पण या तंतूंची खरी करामत दिसली १९०६ साली. हेन्री डेल आणि कुश्नी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मांजरीच्या गर्भाशयाकडे जाणारा अनुकंपी मज्जातंतू चेतवून पाहिला, ॲड्रेनालीनही देऊन पाहिले. गाभण नसलेल्या मांजरीचे गर्भाशय सैलावले. गाभण मांजरीचे आवळले. तंतू तोच, चेतना तीच, आणि परिणाम नेमके उलट! सशिणीचे गर्भाशय त्याच रसायनाने आवळते, उंदरिणीचे सैलावते. पुढे १९४८ साली आल्क्विस्ट याने ॲड्रेनालीनला प्रतिसाद देणारे ग्राहक दोन जातींचे असावेत अशी मांडणी केली आणि त्यांना आल्फा व बीटा ही नावे दिली, तेव्हा त्याच्या पुराव्यात गर्भाशयाचा स्नायू होताच. आज रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्या त्या दोन अक्षरांच्या आधाराने लिहून दिल्या जातात. कोणत्या जातीचे ग्राहक केव्हा वरचढ ठरायचे, हे अंडाशयातून येणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ठरवतात. म्हणजे सदरेवरून हुकूम एकच सुटतो, पण परगण्याचा कारभारी आपल्या हंगामाचा विचार करून त्याची अंमलबजावणी करतो. असल्या कारभाऱ्याला निष्क्रिय म्हणणाऱ्याला कारभार कशाला म्हणतात तेच ठाऊक नसावे.

यावर आधुनिक प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणतो: तुमचे हे मज्जातंतू सारे असोत, पण त्यांवाचून अडते कुठे? गोल्ट्झने १८७४ साली मेरुरज्जू कापलेली कुत्री पाळली. ती माजावर आली, गाभण राहिली आणि व्याली. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने २०१७च्या मे महिन्यात आईचे गर्भाशय मुलीच्या पोटात बसवले, रक्तवाहिन्या जोडल्या, मज्जातंतू जोडले नाहीत, आणि २०१८च्या ऑक्टोबरात त्याच गर्भाशयातून शस्त्रक्रियेने मूल बाहेर आले. स्वीडनमध्ये ब्रेनस्ट्रोम यांनी २०१४ सालीच हे घडवले होते. तंतूंशिवाय गर्भ वाढतो, पाळी येते, तर मग या तंतूंचा एवढा डौल कशाला? ते गर्भाशय पिशवीच नाही का?

हा युक्तिवाद नीट पाहिला म्हणजे तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. मज्जातंतू तोडल्यावरही जे आवळते, सैलावते, वेळ आल्यावर एकजुटीने कामाला लागते, ते अधिक निष्क्रिय ठरते की अधिक स्वायत्त? दुसऱ्याच्या हुकमाशिवाय काम करणाऱ्याला आळशी म्हणण्याची ही कोणती न्यायबुद्धी? आणि तंतू अनावश्यक आहेत असेही यातून निघत नाही, कारण गर्भारपणात गर्भाशय त्यांचा बंदोबस्त स्वतःच करते. लुंड येथील संशोधकांनी १९७०च्या दशकात गाभण गिनीपिगमध्ये दाखवले, की पोटात पिलू वाढू लागले की गर्भाशयाच्या भिंतीतले अनुकंपी तंतू हळूहळू नाहीसे होतात आणि विण्यानंतरही सावकाशच परत येतात. त्या महिन्यांत बाहेरची ढवळाढवळ नको, म्हणून जणू दरवाजे आतून लावून घेतले जातात. प्रोजेस्टेरॉनचा अंमल स्नायूला शांत ठेवतो. मुदत भरत आली की पेशीपेशींमध्ये नवे सांधे फुटतात, हे गारफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली उंदरिणीत टिपले. त्या सांध्यांमुळे एका पेशीतली लाट साऱ्या भिंतीत पसरते आणि कोट्यवधी पेशी एकाच कळेने आवळतात. गोठ्यात याचा दाखला रोजचा आहे. गाय व्याली, मायांग बाहेर आले, ती कुंथत राहिली आणि डॉक्टर आत सारील तेवढे ती बाहेर लोटू लागली, म्हणजे तो शेपटीच्या मुळाशी दोन मणक्यांमधल्या फटीत सुईने बधिरतेचे औषध देतो. शेपूट लुळे पडते. कुंथणे थांबते, कारण कुंथणारे पोटाचे स्नायू ज्या संवेदनेने चेतले होते ती आता वर पोचत नाही. गर्भाशय मात्र आपले आवळण्याचे काम चालूच ठेवते. बाहेरून ज्याला आपण 'कळा देणे' म्हणतो त्यात दोन वेगळे कारभार एकत्र चालले होते, हे त्या एका सुईने उघड होते.

आता या वादातला एक दुसरा पक्ष, जो स्वतःला माझ्या बाजूचा समजतो, आणि ज्याची संगत मला मुळीच नको आहे. गर्भमार्ग सक्रिय आहे, मज्जातंतूंनी मेंदूशी जोडलेला आहे, एवढे ऐकताच हे लोक उडी मारून म्हणतात, की मग सारे मनावरच आहे! मूल राहत नाही ना? मन शांत ठेवा, काळजी सोडा, म्हणजे राहील. म्हणजे आजवर क्षेत्र नापीक म्हणून जिला बोल लावला, तिलाच आता मन नापीक म्हणून बोल लावायचा. आणि याच तर्काची पुढची पायरी किती घाणेरडी आहे ती अमेरिकेत २०१२ साली साऱ्या जगाने पाहिली: मिसूरी राज्यातून सेनेटची निवडणूक लढवणाऱ्या टॉड अकिन या लोकप्रतिनिधीने, खऱ्या बलात्कारात स्त्रीचे शरीर गर्भधारणा होऊ देत नाही, अशा अर्थाचे विधान केले. मतदारांनी त्याला पाडले, ही बरी गोष्ट. पण शास्त्राचे उत्तर दिले गेले पाहिजे. अनैच्छिक स्नायू अनैच्छिक म्हणूनच ओळखले जातात. ॲड्रेनालीनने गायीच्या गर्भाशयाचा जोर काही मिनिटे मोडतो. त्याने मार्ग बंद होत नाही, ग्रीवेतले शुक्राणू मरत नाहीत, अंड सुटायचे थांबत नाही. जोर कमी होणे हा एका कळपात चार गायी अधिक उलटण्याचा हिशेब असू शकतो; एका स्त्रीच्या अंगी लावण्याचा दोष तो कधीच होत नाही. स्नायू काम करतात म्हणजे ते धनिणीच्या इच्छेने काम करतात, असे मानणारा आणि ते कामच करत नाहीत असे मानणारा, हे दोघेही शेवटी एकच गोष्ट करतात: फळले नाही तर तिला धरतात, आणि तिच्यावर अत्याचार होऊन फळले तरी तिलाच धरतात.

शेवटी ग्रीवेचा मुद्दा, कारण निष्क्रियतेच्या या थोतांडाची सर्वांत रोकडी किंमत तिथे मोजली जाते. ग्रीवेला संवेदना नसते, असे स्त्रीरोगाच्या कित्येक दवाखान्यांत आजही बिनदिक्कत सांगतात, आणि त्याला आधार म्हणून १९५३ सालचा किन्झी-अहवाल नकळत उभा असतो: ग्रीवेवरून हळुवार काडी फिरवली असता बहुसंख्य स्त्रियांना ती जाणवली नाही, असे त्यात नमूद आहे. त्याच तक्त्यात पुढे असेही नमूद आहे, की दाब दिल्यावर तो बहुसंख्य स्त्रियांना जाणवला. अर्धा तक्ता वाचून अख्खा निवाडा देण्याची ही पद्धत कोणत्या कचेरीत चालते? पोटातल्या अवयवांचे मज्जातंतू कापण्याला, चटक्याला पुष्कळदा मुके असतात. ताणाला, फाकवण्याला, आवळण्याला ते बोलतात, कारण त्या अवयवांच्या आयुष्यात तीच घटना अर्थपूर्ण असते. आतड्याचेही तसेच आहे, आणि पोटशूळाने लोळणाऱ्या पुरुषाला तुझ्या आतड्याला संवेदना नाही असे सांगण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही. ग्रीवेचा ताण त्रिकास्थीच्या मज्जातंतूंनी वर जातो, गर्भाशयाचा कमरेच्या वाटेने; आणि मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्या स्त्रियांतही ग्रीवेच्या उत्तेजनाची जाणीव मेंदूपर्यंत पोचते हे कोमिसारुक आणि व्हिपल यांनी दाखवले, तेव्हा मानेतून उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची एक तिसरीच वाट समोर आली. जो भाग मेंदूशी तीन वाटांनी बोलतो, जो उंदरिणीत समागमाची वार्ता पोचवून तिच्या ग्रंथींचा सारा क्रम बदलतो आणि तंतू कापले तर बदलू शकत नाही, जो शुक्राणूंना थोपवतो आणि प्रसूतीच्या वेळी स्वतःच्या ताणाने स्वतःच्याच कळा वाढवतो, त्याला मुके म्हणणे हे अज्ञान नव्हे. ती सोय आहे, कारण मुक्याला विचारावे लागत नाही.

तांबी बसवताना ग्रीवा चिमट्याने धरतात आणि तिच्या तोंडातून नळी आत सारतात. बाईला सांगतात, की जरासे टोचेल. ती कळवळली की सांगतात, की तुमचा धीर कमी. आणि सांगणाऱ्याच्याच कपाटात, ग्रीवेच्या दोहों अंगांच्या त्या फ्रांकेनहॉयझरच्या मज्जागुच्छाला बधिर करण्यासाठी सुई नेमकी कुठे आणि किती खोल घालावी याचे आकृतीसह वर्णन करणारे पुस्तक उभे असते. संवेदनाच नसेल तर ती आकृती कशासाठी काढली, याचा खुलासा त्याने पुढच्या बाईला टेबलावर झोपवण्यापूर्वी तिच्याच समोर करावा.